कागदपारखी

सरकारी लेखाखात्यात 34 वर्षे परक्यांच्या कागदांवर शेरे मारून सेवानिवृत्त झालेले आमचे एक स्नेही हल्ली कोऱ्या कागदांची पारख करतात. आणि ज्या कसबा पेठेत कागदीपुरा नावाची वस्ती आहे, तिथेच आपले बिऱ्हाड असावे, हा योगायोग ते पूर्वसंचिताच्या खाती जमा धरतात. निमित्त एका छायाचित्राचे. डिजिटल कॅमेऱ्याने टिपून मागाहून कृष्णधवल केलेल्या या चित्रात त्यांच्या मातोश्री माजघरात तांदूळ निवडीत बसल्या आहेत. अंगावर उजेडाची एक तिरीप आहे आणि मागच्या अंधारात एक तांब्याचा हंडा आहे, जो केवळ माहितगारालाच दिसतो. हे चित्र कोणत्या कागदावर छापावे, एवढ्या एका मुद्द्याची मिसल गेली तीन वर्षे त्यांच्या दप्तरी प्रलंबित आहे.

नमुन्यांचा गठ्ठा सोडण्यापूर्वी ते हात धुतात, पुसतात, आणि पुन्हा पुसतात. मग एका कागदाचा कोपरा चिमटीत धरून, डोळे मिटून, ‘तीनशे आठ’ असे पुटपुटतात. हे त्याचे दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन. त्यानंतर तो कोपरा हलकेच ओल्या ओठांना लावतात, कारण जी बाजू चिकटते तिच्यावर शाई धरणारा लेप असतो. हा विधी मी प्रथम पाहिला तेव्हा गृहस्थ कागदाचे चुंबन घेत आहेत असे मला वाटले, आणि वहिनींच्या मुद्रेवरून हा संशय त्यांनाही नवा नसावा.

पुढे नोटा तपासण्याचा जांभळा दिवा निघतो. त्याच्याखाली जो कागद निळसर झळकेल त्यात शुभ्रता आणणारी रसायने आहेत, ती कालांतराने निष्प्रभ होऊन कागद पिवळट दिसू लागतो, सबब तो बाद. 1584 साली स्थापन झालेल्या, म्हणजे शिवजन्माहून 46 वर्षांनी वडील असलेल्या, हानेम्यूले या जर्मन कारखान्याचा निव्वळ कापसाचा कागद त्यांना कुलीन वाटतो. परंतु त्याच्या चकाकीहीन पृष्ठावर प्रकाश विखुरतो, काळ्यावर राख धरल्यासारखी दिसते, आणि हंडा गडप होतो. बॅरायटा कागद घ्यावा तर काळा रंग विहिरीसारखा खोल उतरतो आणि हंडा हजर होतो. पण बेरियम सल्फेटचा, म्हणजे पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी डॉक्टर रोग्याला पाजतात त्याच पदार्थाचा, थर दिलेला तो कागद खिडकीसमोर चमकतो. ‘आमची आई चमकत नव्हती,’ असा त्यावर त्यांचा शेरा. काचेच्या चौकटीत गेल्यावर सगळेच कागद चमकणार, ही माझी शंका त्यांनी ‘विषयांतर’ म्हणून फेटाळली.

दरम्यान मातोश्री निवर्तल्या. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी वहिनी मुकाट्याने कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेल्या आणि साध्या चकचकीत कागदावर प्रत काढून, चौकटीत बसवून, घेऊन आल्या. आमच्या स्नेह्यांनी ती भिंग लावून अर्धा तास न्याहाळली. हंडा स्वच्छ दिसत होता. ते काहीच बोलले नाहीत. तसबीर भिंतीवर लागली तेव्हा हातभार मी लावला, म्हणून मला ठाऊक आहे की तिच्या पाठीमागे, पेन्सिलीने, तारीख घालून त्यांनी लिहिले आहे, ‘तात्पुरती मंजुरी’.