कोंडी सुटल्यावर

वरसाव्याच्या पुलावर भर दिवसा मोठा अपघात करून दाखवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यासाठी आधी गाडी चालावी लागते. काशीमिऱ्याकडून आलेला, ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने आलेला आणि गुजरातकडून खाडी ओलांडून आलेला, असे तिघे जण फाउंटन हॉटेलपाशी एकमेकांच्या आडवे येतात आणि मग बराच वेळ कोणीच कोणाचं काही वाकडं करू शकत नाही. रस्ता सुरक्षेसाठी सरकारने सप्ताह पाळले, फलक लावले, शाळेतल्या पोरांच्या चित्रकला स्पर्धा घेतल्या; पण वेग शून्यावर आणण्याचं काम आमच्या नाक्याने जितकं चोख केलं, तितकं कोणाला जमलेलं नाही. २०१३ साली जुन्या पुलाला तडा सापडला, तेव्हापासून दुरुस्ती, एकेरी वाहतूक आणि पुन्हा दुरुस्ती यांत आमच्या भागातली एक पिढी गाडीच्या मागच्या सीटवर बसून गृहपाठ करत मोठी झाली. २०२३ साली शेजारी नवा चौपदरी पूल सुरू झाला. रांग पुढे सरकली. म्हणजे पुलावरून उठून पुढच्या वळणावर जाऊन बसली.

तेव्हा वरसाव्याला भीती वाटायची ती रात्री अकरानंतर, कोंडी सुटल्यावर. दिवसभर रखडलेला प्रत्येक माणूस त्या वेळी व्याजासकट वसुली करायला निघालेला असतो. सकाळी गेलेला पाऊण तास रात्रीच्या चार किलोमीटरांत भरून काढायचा, असा त्याचा निश्चय असतो. त्यात ठाण्याच्या हद्दीत अवजड वाहनांना दिवसा वेळेची बंधनं असल्यामुळे न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर रात्री एकदम मोकळे होतात आणि गायमुखचा घाट उतरून नाक्यावर हजर होतात. या सगळ्यांच्या मधोमध मी असतो. डोळ्यांवर बायफोकल, शेजारी नाना, मागे सौभाग्यवती आणि सासूबाई.

एवढ्या रात्री बाहेर पडता कशाला, असं कोणी विचारेल. आमचे सगळे नातेवाईक पालघर-डहाणूकडे आहेत आणि त्यांच्याकडे लग्नाचा मुहूर्त मिनिटावर पाळतात. रिसेप्शनला मात्र मुहूर्त नसतो. पत्रिकेत सात ते दहा छापलेलं असतं. नवरा-नवरी नऊला स्टेजवर येतात. पाकीट देऊन, फोटो काढून, आइस्क्रीमच्या रांगेतून सुटून गाडी मनोरला महामार्गाला लागते, तेव्हा घड्याळात काय वाजले आहेत हे बघायचं आम्ही सोडून दिलं आहे.

नाना म्हणजे माझे धाकटे काका, एसटीतून निवृत्त. उमेदीची वर्षं त्यांनी रातराणीवर काढली. ते कधीही मागे बसत नाहीत. पुढे, माझ्या डावीकडे बसतात आणि तिथून गाडी चालवतात. त्यांच्या पायाखाली ब्रेक नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरी समोर लाल दिवा दिसला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जातोच. त्या बाजूची मॅट झिजून भोक पडलं आहे. माझ्या बाजूची अजून नवी दिसते.

रात्री गाडी चालवायची म्हटलं की लोक अंधाराला नावं ठेवतात. अंधार बिचारा आपल्या जागी असतो, अंगावर येत नाही. अंगावर येतो तो उजेड. पूर्वी समोरच्या गाडीचे दिवे पिवळट असत, त्यांच्याकडे बघून माणसाला निदान घराची आठवण यायची. आता जो तो बाजारातून पांढरेशुभ्र एलईडी बसवून आणतो आणि कायम अप्परवर ठेवतो. समोरून मोटारसायकल येते आहे की क्रिकेटचा डे-नाइट सामना, कळत नाही. पहिल्या झोतात माझे डोळे दिपतात, दुसऱ्यात रस्ता दिसेनासा होतो, आणि दृष्टी परत जागेवर येईपर्यंत गाडी बरीच पुढे गेलेली असते. वय हाही मुद्दा आहेच. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या मानाने जेमतेम एक-तृतीयांश उजेड पोचतो, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. म्हणजे मला स्वतःच्या दिव्याचा उजेड पुरत नाही आणि समोरच्याचा सोसत नाही.

मी अशा वेळी चिडून आपणही अप्पर मारतो. माझ्या पिढीचा तो एकमेव सशस्त्र लढा आहे. नानांना ते अजिबात खपत नाही.

“तो आंधळा झालाय तुझ्यामुळे, तू आंधळा झालायस त्याच्यामुळे. आता दोघांपैकी बघणार कोण?”

“मग काय करू, नाना?”

“त्याच्या दिव्याकडं बघू नको. डाव्या कडेची पांढरी पट्टी धर. वेग उतरव. आणि पुढची काच आतून पूस, त्यावर तुझ्या पोराच्या बोटांचे ठसे आहेत.”

ठसे खरोखरच होते. दिवसा ते दिसत नाहीत; समोरून दिवा आला की काचेवर दहाच्या दहा बोटं उमटतात.

अप्पर-डिप्पर हा शिष्टाचार या देशाला शिकवण्याचं काम सरकारच्या आधी ट्रकच्या फाळक्याने केलं. ‘हॉर्न ओके प्लीज’ आणि ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही दोन वाक्यं वाचून निम्म्या महाराष्ट्राने इंग्रजीचा श्रीगणेशा गिरवला. त्यांतल्या पहिल्यावर महाराष्ट्राने २०१५ साली बंदी आणली, कारण ते वाचून लोक खरंच हॉर्न वाजवत होते. दुसऱ्यावर बंदी आणायची वेळ आली नाही, कारण ते वाचून कोणी काहीच करत नव्हतं. अपवाद टाटा मोटर्सचा. ट्रकचालकांमध्ये एड्सबद्दल जागृती व्हावी म्हणून त्यांनी २०१६ साली ‘डिपर’ याच नावाचे कंडोम काढले, म्हणजे रात्री डिपर वापरा ही सूचना दोन्ही अर्थांनी पाळता यावी. कल्पना नामी होती. ही माहिती मी गाडीत सासूबाईंसमोर दिलेली नाही, इथे देतो आहे.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर पट्ट्याचंही सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या सीटचा पट्टा हा विषय घरोघरी चहाबरोबर चालला, मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी सक्ती जाहीर केली, आणि आमच्या घरात तो चहाबरोबरच संपला. कारण मागे बसणारी व्यक्ती लग्नाहून येत असते आणि तिच्या अंगावर पैठणी असते.

“आई, पट्टा लावा.”

“अहो जावईबापू, जर चुरगळते. आणि मागं काय होतंय?”

यावर नाना मागे वळले. म्हणाले, “विहीणबाई, पट्टा न लावता बसलात तर गचका बसल्यावर तुम्ही मागं राहणारच नाही. पुढं याल. म्हणजे माझ्या डोक्यावर.” सासूबाईंनी तत्काळ पट्टा लावला. स्वतःच्या जिवाची पर्वा नसलेल्या बाईला व्याह्याच्या नात्यातल्या पुरुषाच्या डोक्यावर जाऊन बसण्याची कल्पना सहन होत नाही, हे वाहतूक खात्याने लक्षात घेण्यासारखं आहे.

झोपेच्या बाबतीत मात्र गाडीतल्या प्रत्येकाकडे स्वतंत्र वैद्यक असतं. सौभाग्यवती काच खाली करायला सांगते. सासूबाई पर्समधून वेलदोडा काढतात. मित्रमंडळी मोठ्याने गाणी लावा म्हणतात, आणि एका साडूने मला गंभीरपणे हिरवी मिरची चावायचा सल्ला दिला होता. यांतल्या प्रत्येक उपायाने माणूस दोन मिनिटं जागा राहतो आणि त्यानंतर तोंड पोळलेल्या अवस्थेत झोपतो. पहाटे दोन ते चारच्या दरम्यान शरीर झोपायचं ठरवून बसलेलं असतं; ते वेलदोड्याला विचारत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर गाडी कोणीच चालवत नसतं, आणि जाग आल्यावर आपण झोपलो होतो हे चालकाला पटतही नाही.

“नाना, रातराणीवर तुम्ही काय करायचात?”

“दुपारी झोपायचो.”

“आणि तरी आली तर?”

“थांबायचो. चहा प्यायचो, पंधरा-वीस मिनिटं डोकं टेकवायचो, मग निघायचो. पॅसेंजर शिव्या घालायचे. जिवंत होते म्हणून घालायचे.”

हाच इलाज डॉक्टरही सांगतात: आधी चहा-कॉफी, लगेच छोटीशी डुलकी, म्हणजे उठेपर्यंत कॅफीन कामाला लागलेलं असतं. फक्त थांबताना उजेडातली जागा बघावी, पेट्रोलपंप किंवा ढाबा. अंधारात कडेला गाडी लावून झोपणं म्हणजे मागून येणाऱ्याच्या झोपेवर विश्वास टाकणं आहे.

वेगाबद्दल नानांचं एकच वाक्य आहे. “जेवढं दिसतं तेवढंच पळायचं.” मी एकदा हिशेब मांडून पाहिला. डिपरवर समोरचं साधारण पन्नास-साठ मीटर नीट दिसतं. ऐंशीच्या वेगात, दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यातच तीसेक मीटर संपतात आणि गाडी उभी राहायला आणखी तेवढेच लागतात. म्हणजे जे दिसलं ते बहुधा चाकाखालीच येतं. शंभरच्या वेगाचा हिशेब मी सौभाग्यवतीला दाखवला नाही.

आणि आमच्याकडे जे दिसतं ते माणूसच असेल असं नाही. गायमुखपासून वरसाव्यापर्यंत रस्त्याच्या एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मोठं जंगल आहे, दुसऱ्या बाजूला त्याच जंगलाचा तुटलेला तुकडा, नागला, थेट खाडीपर्यंत. मधून आम्ही रस्ता नेला. जनावरांना हा रस्ता ओलांडायचा तर रात्रीच मुहूर्त मिळतो, आणि नेमका तोच मुहूर्त कंटेनरचाही असतो. यांतला सगळ्यांत नामवंत प्रवासी म्हणजे ‘आजोबा’ बिबट्या. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून हा गृहस्थ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या दिशेने निघाला. वाटेत महामार्ग ओलांडला, रेल्वेचे रूळ ओलांडले, आणि वसईच्या खाडीला आल्यावर सरळ पाण्यात उतरून पोहत अलीकडे आला. वरसाव्याच्या पुलाची कोंडी त्याला कोणीतरी आधीच सांगितली असावी. पण पट्टा सक्तीने लावलेल्या या प्रवाशालाही रस्त्याने सोडलं नाही. २०११ मध्ये मुंबईजवळच रस्ता ओलांडताना तो गाडीखाली सापडला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपट निघाला. ज्या गाडीने उडवलं तिच्या चालकाला बहुधा एवढंच आठवत असेल, की काहीतरी एकदम समोर आलं. ‘एकदम’ असं काही येत नसतं, आपण तिथे लवकर पोचलेलो असतो.

जंगल आलं की भूत आलंच. पांढऱ्या साडीतली बाई घाटात हात करते, गाडी थांबवली की मागच्या सीटवर बसलेली असते, ही गोष्ट घोडबंदर रस्त्याचीही सांगतात, कसाऱ्याचीही सांगतात. सांगणाऱ्याला स्वतःला ती दिसलेली नसते, त्याच्या मित्राच्या मेव्हण्याला दिसलेली असते. नानांना मी विचारलं. म्हणाले, “एवढी वर्षं रातराणी चालवली, कधी बाई दिसली नाही. दिसली असती तर कंडक्टरने तिकीट फाडलं असतं.” मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, “भूत बघायचंय ना? हळू घे. ते बघ.”

मालजीपाड्याच्या अलीकडे, डाव्या लेनमध्ये, मागचा एकही दिवा न लावता एक ट्रक उभा होता. चिखलाने माखलेला. फाळक्यावर रिफ्लेक्टरची पट्टी होती, पण तिच्यावर ताडपत्रीचं टोक लोंबत होतं. मागे दहा-बारा पावलांवर रस्त्यात चार-पाच मोठे दगड मांडलेले आणि फाळक्याच्या कडीत सुबाभळीची एक फांदी खोचलेली. आमच्या देशात फांदी हा आंतरराष्ट्रीय धोक्याचा इशारा आहे. दिवसा तो दिसतो. रात्री माणसाला आधी दगड लागतात, मग फांदी दिसते.

नानांनी गाडी बरीच पुढे नेऊन कडेला घ्यायला लावली, चारी इंडिकेटर लावायला लावले, बायकांना रस्त्यापासून लांब, पलीकडे उभं केलं आणि ट्रकवाल्याकडे गेले. तो चाकाला टेकून निवांत विडी ओढत होता.

“लाइट किधर है?”

“बॅटरी उतर गई, बाबूजी.”

“त्रिकोण किधर है?”

“वो क्या होता है?”

नाना तडक माझ्या डिकीशी आले. नवीन गाडीबरोबर लाल त्रिकोण मिळतोच. माझा स्टेपनीखाली कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये जसाच्या तसा होता. ते प्लॅस्टिक त्यांनी दातांनी फाडलं, कडेकडेने मागे चालत लांब अंतरावर त्रिकोण उभा केला आणि मला महामार्गाच्या १०३३ या मदत क्रमांकावर फोन लावायला सांगितला. गस्तीची गाडी येईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. सासूबाईंनी ट्रकवाल्याला रिसेप्शनमधून बांधून आणलेले दोन लाडू दिले.

पुढे एकदा वसईहून परतताना मी मुद्दाम डाव्या बाजूला बघत आलो. ट्रक अर्थातच गेला होता. त्रिकोणही गेला होता. दगड मात्र डाव्या लेनमध्ये मांडलेले तसेच होते, आणि एका रिक्षावाल्याने त्यांना वळसा घालताना मला जी शिवी दिली ती अजून कानात आहे.

तेव्हा ट्रकमालक आणि चालक बंधूंपैकी कोणाच्या वाचनात हे आलं, तर एक विनंती. तो त्रिकोण खुशाल ठेवून घ्या, तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त लागतो. पण गाडी सुरू झाली की निघण्याआधी दगड तेवढे उचलून कडेला टाका.