काहीच न करण्याचं काम

डॅलसच्या उत्तरेला आमच्या वस्तीत फेब्रुवारी लागला की घरोघरी करवती निघतात आणि क्रेप मर्टलच्या झाडांची मुंडकी उडतात. आई नेमकी तेव्हाच तासगावहून आली. समोरच्या दारचे ते ओळीनं उभे खुंट पाहून म्हणाली, “इथे सामुदायिक मुंज होती का रे?”

इकडचे बागकामवाले या प्रकाराला ‘क्रेप मर्डर’ म्हणतात, पण आरोपी दरवर्षी मोकाट. त्यांचा युक्तिवाद असा, की फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणजे जितकं छाटावं तितका बहर. यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याचा निकाल उन्हाळ्यात लागतो. खुंटाच्या गाठींतून लांबलचक लुकड्या फांद्या सुटतात, टोकाला भलामोठा घोस, आणि एक सर आली की सगळे घोस खाली मान घालून उभे. मूळ भानगड वेगळीच आहे. लोक पंचवीस फूट जाणारं ‘नॅचेझ’ वाण खिडकीखाली लावतात आणि ते वाढलं की त्याच्यावर रागावतात.

आम्ही जांभळं ‘कटाबा’ लावलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ या गृहस्थांनी क्रेप मर्टलची वाणं काढली आणि त्यांना इथल्या आदिवासी जमातींची नावं दिली. त्यातलं हे 1967चं. दहा-बारा फुटांत आवरतं घेतं. म्हणजे मालकाला काम उरत नाही, आणि रिकामा मालक आमच्या वस्तीला बघवत नाही.

मार्च सरत आला. शेजारच्या ओकांना पालवी फुटली, आमच्या झाडाच्या मात्र काड्याच. पलीकडचे आजोबा दुखवट्याला यावं तसे आले. आईनं नखानं एक काडी खरवडली. साल गेली तिथे हिरवंगार. “जित्तं आहे,” तिनं मराठीत निकाल दिला. आजोबांना तो कळला.

जूनमध्ये बहर आला. आईनं एक फूल तळहातावर घेतलं: सहा पाकळ्या, प्रत्येकीला बारीकसा देठ, कडा चुरगळलेल्या. “अरे, हे तर आपलं ताम्हण! असं कुपोषित का?” महाराष्ट्राच्या राज्यफुलाचा अपमान मी सहन केला, कारण कुळ तिनं अचूक ओळखलं होतं.

जुलैत झाडाखालची गाडी चिकट झाली, वर काळी बुरशी धरली. द्राक्षबागेत आयुष्य गेलेल्या बाईनं पान उलटून पाहिलं. “मावा आहे. पाण्याचा जोरात फवारा मार. आणि गाडी हलव, झाड नको.”

आता समोरचे खुंट मान टाकून उभे असतात आणि आमच्याकडे जांभळा मांडव. परवा समोरचा शेजारी रस्ता ओलांडून आला. “तुमचं झाड कोण छाटतं?”

“कोणीच नाही.”

“किती घेतो?”