हिरव्यांना कोण हलवणार?

विंडोज एक्सपीतल्या डिफ्रॅगमेंटरच्या वेगाबद्दल माझं काही म्हणणं नाही. रात्रभर चालायचा, चालू दे. तक्रार आहे ती रंगांबद्दल.

त्याच्या खिडकीत दोन आडव्या पट्ट्या असत, कामाआधीची आणि कामानंतरची. लाल म्हणजे तुकडे झालेल्या फायली, निळ्या म्हणजे अखंड, पांढरी म्हणजे मोकळी जागा. इथवर कोणालाही समजेल. मग यायचा हिरवा: न हलवता येणाऱ्या फायली. का हलवता येत नाहीत, याबद्दल अवाक्षर नाही.

बरं, नीट काम व्हायला डिस्कवर १५ टक्के जागा मोकळी हवी, हा दंडक आपल्याला. आपण भाच्याच्या मुंजीचे फोटो सीडीवर उतरवून पुसायचे, गाणी पुसायची, आणि सकाळी पाहावं तर सगळे निळे शहाण्यासारखे सरकलेले, हिरवे मात्र काल होते तिथेच. मधोमध.

चौकशी केली तर प्रत्येकाकडे सबळ कारण निघतं. संताप त्याचाच येतो. 'पेजफाइल.सिस' घ्या. रॅम अपुरी पडली की तिथला मजकूर या फाइलीत जातो. ती डिस्कवर कुठे कुठे पसरली आहे याची यादी विंडोजच्या गाभ्याने जवळ बाळगलेली असते आणि संगणक चालू असेपर्यंत फाइल सोडलेली नसते. म्हणजे संगणक चालू असताना तिला हलवायचं नाही. बंद असताना हलवावं, तर डिफ्रॅगमेंटरही बंदच. 'हायबरफिल.सिस'चा आकार जवळजवळ रॅमएवढा, कारण हायबरनेट करताना रॅममधलं सगळं तिच्यात ओतायचं असतं. रजिस्ट्रीच्या फायलीही कायम उघड्या. या मंडळींसाठी मार्क रसिनोविच यांनी 'पेजडिफ्रॅग' नावाचं फुकट साधन लिहिलं. ते संगणक सुरू होताना, बाकीचे जागे व्हायच्या आत, आपलं काम उरकून घ्यायचं. सभ्य माणसावर ही वेळ यावी!

सर्वांत मानाची जागा एनटीएफएसच्या मास्टर फाइल टेबलची. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीची नोंद हिच्यात, हिची स्वतःचीसुद्धा. विंडोज २००० मध्ये चालू डिस्कवर ही जागची हलत नसे. एक्सपीत सुधारणा झाली: बाकीची हलते, सुरुवातीचा भाग हलत नाही. शिवाय पुढेमागे वाढायला लागेल म्हणून डिस्कचा आठवा हिस्सा तिच्या शेजारी राखून ठेवण्याचा रिवाज.

व्हिस्टात मायक्रोसॉफ्टने या तक्रारीची दखल घेतली. नकाशाच काढून टाकला. आता लाल नाही, निळा नाही, हिरवा नाही. काम चालू आहे, काही मिनिटं किंवा काही तास लागतील, एवढंच. शिवाय ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे हे तुकडे धरायचेच नाहीत असं ठरलं. त्याचं कारणही पटण्यासारखं आहे, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

हिरवे अर्थातच होते तिथेच होते. त्याच व्हिस्टात पार्टिशन आकसून घेण्याची सोय आली तेव्हा ते कळलं. डिस्क तीन चतुर्थांश रिकामी, तरी विंडोज म्हणणार, निम्म्याच्या खाली येता येत नाही. का? तर एक्सपीच्या काळात फॉरमॅट केलेल्या डिस्कच्या ऐन मध्यावर मास्टर फाइल टेबलच्या पहिल्या चार नोंदींची प्रत ठेवलेली असे. आकार ४ केबी. रुंदीकरण झालेल्या रस्त्यात मधोमध विजेचा खांब उभा असतो ना, तशी. त्या प्रतीचं नाव 'एमएफटी मिरर'.

हे नाव तरी निदान कळावं? विंडोज ७ मध्ये ते कळतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद शोधायची. तिथे शेवटच्या न हलणाऱ्या फाइलीचं नाव दिलेलं असतं, तेही 'असावी असं दिसतं' अशा बेतानं.