हात न लावता लाड

माया करायची आपली पद्धत ठरलेली आहे. जीव कुठलाही असो, आधी त्याला जवळ घ्यायचं, मग काहीतरी भरवायचं, न्हाऊ घालायचं आणि जरा मलूल दिसला की कोवळ्या उन्हात नेऊन बसवायचं. या चार उपायांवर आपल्याकडची मुलं, मांजरं आणि दुखणाईत पाहुणे पिढ्यान्‌पिढ्या तगून आहेत. चिंचिला नावाच्या प्राण्याला मात्र यातला एकही उपाय मानवत नाही. फार मनापासून केला तर त्याच्या जिवावरच बेततो.

माझ्या भाचीने डेन्व्हरला एक चिंचिला पाळला आहे. वजन अर्धा किलो, कान मोठे नि पातळ, शेपूट झुपकेदार, रंग राखाडी. नाव भस्म्या. या मंडळींचं मूळ गाव चिलीतल्या अँडीजचे उजाड, कोरडे, गार खडक. तिथल्या थंडीसाठी निसर्गाने त्यांना केसांच्या एकेका मुळातून पन्नासच्या वर केस दिले आहेत. आपल्याला एका मुळाशी एक, फार तर दोन-तीन, आणि तेही चाळिशीनंतर राजीनाम्याच्या तयारीत.

एवढ्या दाट लोकरीत पाणी शिरलं तर ते लवकर वाळत नाही, आत बुरशी धरते. म्हणून भस्म्याची आंघोळ कोरडी. त्यासाठी ज्वालामुखीच्या दगडाची पिठासारखी बारीक पूड मिळते. अंगणातली माती किंवा वाळू चालत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा ती पसरट भांड्यात ओतली की भस्म्या आत उडी घेतो आणि इतक्या वेगाने लोळतो की डोकं कुठलं नि शेपूट कुठलं ते कळू नये. अंगावरचा तेलकटपणा नि दमटपणा ती पूड शोषून घेते. दहा मिनिटांनी तो लख्ख होतो. टेबल, लॅपटॉप आणि खिडकीच्या काचा यांच्याबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

माझी ताई, म्हणजे भाचीची आई, नाशिकहून व्हिडिओ कॉलवर हे सगळं बघते आणि तिचा जीव तुटतो. “अगं, किती रोड दिसतोय! दोन बदाम दे, चार मनुका दे.” बदामातली चरबी नि मनुकांतली साखर या प्राण्याच्या पोटाला पेलत नाही. पोट फुगतं, आणि उलटी करून मोकळं होण्याची सोय त्याला निसर्गाने दिलेलीच नाही. त्याने खायचं ते वाळलेलं टिमथी गवत, दिवसरात्र, हवं तितकं. जोडीला गवताच्याच चमचाभर गोळ्या. दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजायला हेच चरबट खाणं लागतं, शिवाय कुरतडायला सफरचंदाच्या झाडाची काटकी. हे दात निरोगी असले की पिवळे-नारिंगी असतात आणि पांढरे पडायला लागले की डॉक्टरकडे न्यावं लागतं. टूथपेस्टवाल्यांनी ही गोष्ट फार पसरू देऊ नये.

जवळ घेण्याचं म्हणाल तर दिवसभर तो झोपलेला असतो. जाग संध्याकाळी येते. तेव्हाही झडप घालून धरला तर केसांचा पुंजका तुमच्या हातात आणि चिंचिला पसार. घुबडा-कोल्ह्यांच्या तावडीतून सुटण्याची ही त्याची जुनी युक्ती. आपण प्रेमानेच धरलं होतं, हे त्याला समजावून सांगता येत नाही. भाचीने सुरुवातीचे कित्येक दिवस पिंजऱ्याशी नुसतं बसून काढले. आता तो आपणहून खांद्यावर येतो, कानाचा वास घेतो आणि कार्यक्रम संपवतो.

ही युक्ती सगळ्यांपुढे चालली नाही. शंभराच्या वर चिंचिला मारले की एक कोट होतो, आणि असे कोट घालणाऱ्यांची युरोप-अमेरिकेत कमतरता नव्हती. 1910 साली चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना यांनी मिळून शिकारीला बंदी घातली, तोवर डोंगर जवळजवळ रिकामे झाले होते. त्यानंतर मथायस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याने माणसं लावून, काही वर्षं खपून, अकरा धडधाकट चिंचिला मिळवले. त्यांना उंचावरून एकदम खाली आणलं नाही. टप्प्याटप्प्याने, उबदार हवेची सवय होईल इतक्या सावकाश उतरवलं. बोटीवर पिंजऱ्यांशेजारी बर्फ ठेवला आणि 1923 मध्ये त्यांना कॅलिफोर्नियात पोचवलं. अमेरिकेतले पाळीव चिंचिला बहुतेक सगळे त्यांचेच वंशज. चॅपमनचा हेतू काही भूतदयेचा नव्हता, त्यालाही कातडीचाच धंदा करायचा होता. पण थांबायचं किती आणि गारवा ठेवायचा किती, हे त्या व्यापाऱ्याला जितकं कळलं तितकं आम्हा प्रेमळ माणसांना चटकन कळत नाही, हे कबूल करायला हवं.

कारण उकाडा हा याचा खरा वैरी. पंचविशीच्या पुढे पारा गेला की धोका सुरू. कान लाल दिसले की समजावं, अंग तापलंय. डेन्व्हरच्या उन्हाळ्यात भाचीकडे एसी चालतो तो भस्म्यासाठी. पिंजऱ्यात त्याला पोट टेकायला संगमरवरी फरशीचा तुकडाही ठेवलेला असतो.

नीट सांभाळला तर हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो. भस्म्या आत्ता सहा वर्षांचा आहे, त्यामुळे भाचीशी लग्न करणाऱ्याला तो लग्नातच मिळणार. मध्यंतरी ताईने एक स्थळ आणलं. मुलगा शिकलेला, मनमिळाऊ, दोन वर्षांत नागपूरला परतायच्या विचारात. भाचीने पगार, घर, सासू यांपैकी काही न विचारता एकच गोष्ट विचारली, “मे महिन्यात लाइट गेली तर तुमच्याकडे काय करतात?”

“इन्व्हर्टरवर कूलर चालतो ना,” मुलगा अभिमानाने म्हणाला.

म्हणजे उकाडा आहेच, वर दमटपणा. बोलणी तिथेच थांबली. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळत होते, असं ताई अजून फोनवर सांगते.