किल्लेदार

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे; 'किल्लेदार' ही पदवी आमच्या सोसायटीनं दिलेली. घराच्या किल्लीशी तिचा संबंध नाही. ती किल्ली बाहेरच्या स्टँडवर, दुसऱ्या खणातल्या उजव्या बुटात असते, आणि हे पेपरवाल्या पोरापासून वरच्या मजल्यावरच्या माझ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. "घरात चोरण्यासारखं आहे काय?" असं ते स्वतःच विचारतात. त्यांना घोर आहे तो ईमेलच्या किल्लीचा.

ही किल्ली जोडीनं येते. पब्लिक की गावभर वाटायची, तिनं कुणीही आपल्यासाठी कुलूप लावावं. ते उघडणार मात्र आपल्याजवळच्या प्रायव्हेट कीनंच. कल्पना सुरेख आहे. वहिनींची अडचण एवढीच, की 'पब्लिक की' म्हणून माणूस थांबला की त्यांना वाक्य अर्धवट वाटतं. "पब्लिक की काय?" असं विचारून त्या पदराला हात पुसत उभ्या राहतात.

मी यात सापडलो तो शेजारधर्मापायी. कुठली किल्ली खरी कुणाची, हे सांगायला इथे सरकार नाही. ओळखीच्यानं ओळखीच्याच्या किल्लीवर सही करायची, असा गोतावळा असतो. माझ्या किल्लीवर सही करण्याआधी त्यांनी आधार कार्ड मागितलं.

"अहो, बावीस वर्षं तुमच्याकडे विरजण न्यायला येतोय मी."

"चेहरा ओळखतो हो. पण नाव हेच कशावरून?"

आधार आणलं. फोटो बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "हे तुम्ही वाटत नाही." त्यात मात्र त्यांचा दोष नव्हता.

मग किल्लीचा ठसा पडताळायचा. ठसा म्हणजे चाळीस अक्षरी मंत्र, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला. तो फोनवर वाचून दाखवायचा असतो, आणि मुहूर्त नेमका मी मंडईत असताना लागतो. "सात, एफ फलटणचा, तीन, बी बारामतीचा..." मी कोथिंबिरीच्या जुडीवर कागद धरून लिहून घेतो. फलटणचा म्हटल्यावर मी पी लिहिला. त्यावर पलीकडून असा आवाज आला की भाजीवालीनंही मान वर केली. "पी नसतोच यात! ए ते एफ! एफच्या पुढे काही नसतं!"

चहाला बसलं की ते फिल झिमरमनची कथा लावतात, पोवाड्याच्या थाटात. १९९१ साली त्यानं पीजीपी हे ईमेलच्या कुलपाचं सॉफ्टवेअर लोकांना फुकट दिलं. अमेरिकी कायद्यात अशा कुलपांची गणना दारूगोळ्यात. परदेशी गेलं म्हणून चौकशी लागली. तेव्हा १९९५ मध्ये त्याचा सगळा प्रोग्राम पुस्तकाच्या रूपात छापला गेला. पुस्तकाला कोण अडवणार? १९९६ मध्ये चौकशी गुंडाळली. गोष्ट खरी आहे आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. पण तोवर चहावर साय धरलेली असते.

दुसरी गोष्ट ते पटकन सांगून टाकतात. १९९९ मध्ये दोन संशोधकांनी बारा जणांना पीजीपी देऊन नव्वद मिनिटांत सही केलेली, कुलूपबंद ईमेल पाठवायला सांगितली. जेमतेम एक तृतीयांशांना जमलं. किल्लेदारांच्या मते यावरून लोकांचा आळस सिद्ध होतो. माझ्या मते दुसरंच काहीतरी सिद्ध होतं, पण मी चहा पितो.

खरा संसार स्मार्टकार्डाचा. प्रायव्हेट की कॉम्प्युटरवर राहिली तर चोरीला जाईल, म्हणून ती कार्डाच्या चिपमध्ये. तिथून ती बाहेर येतच नाही, कुलूप आतल्या आत उघडतं. आता कार्ड रीडरमध्ये, दिवा लागलेला, आणि पडद्यावर उत्तर: कार्ड नाही. किल्लेदार कार्ड काढतात, बनियनला पुसतात, परत घालतात. नाही. खोडरबरानं चिप घासतात. नाही. कारण बहुतेक वेळा चाळीतल्या मोरीचं असतं. रीडर एक आणि हक्क सांगणारे दोन: त्यांच्या जीएनयूपीजी या कुलपाच्या सॉफ्टवेअरचा एक सेवक आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा दुसरा. एकानं आतून कडी लावली की दुसरा बाहेर बादली घेऊन उभा. त्यातच त्यांचा सीए भाचा रविवारी जीएसटीच्या सह्यांचे डोंगल याच कॉम्प्युटरला लावतो, म्हणजे मोरीला तिसरा भाडेकरू. भाच्याच्या डोंगलांवर चिकटपट्टी असते. तिच्यावर अशिलाचं नाव आणि खाली पिन. ती पट्टी पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी किल्लेदार जेवले नाहीत.

स्वतःचा पिन ते कुठेही लिहीत नाहीत. शिवराज्याभिषेकाचा दिवस घातला होता, विसरणं शक्यच नाही. एका संध्याकाळी ६ जून १६७४ घातला. चुकला. मग आठवलं, आपण तिथी मानणारे! ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, तिसरा महिना, साल १६७४. चुकला. घाम पुसला. आता शेवटची संधी. तिसऱ्यांदा चुकलं की कार्ड अडकतं. मी भीत भीत म्हटलं, "तिथी असेल तर साल शकाचं हवं ना? १५९६?" त्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकानं कधी पाहिलं नव्हतं. घातलं. तेही चुकलं.

गड बंद झाला. आता उपाय एकच, अ‍ॅडमिन पिन. त्यालाही तीनच संधी. त्याही गेल्या तर कार्ड पुसून नव्यानं सुरुवात, आतली किल्ली कायमची गेली. खोलीत शांतता. मग किल्लेदार अगदी हळू म्हणाले, "तो मी बदललाच नव्हता." कारखान्यातून आलेला, कुठल्याही माहितीपुस्तकात छापलेला अ‍ॅडमिन पिन: १२३४५६७८. दरवाजे बंद, पहारे चोख, आणि हिरकणीचा कडा मोकळा. कार्ड पहिल्या फटक्यात उघडलं. नवा पिन त्यांनी माझ्याकडे पाठ करून घातला.

किल्ल्या ठेवायचे सर्व्हर हा त्यांचा हळवा विषय. जुन्या सर्व्हरांवर पब्लिक की चढवता यायची, खोडता यायची नाही. गडाच्या भिंतीवर कुणी खिळ्यानं नाव कोरून जावं तसं. २०१९ मध्ये कुणीतरी या क्षेत्रातल्या दोन नामांकितांच्या किल्ल्यांवर हजारो खोट्या सह्या डकवल्या. अशी किल्ली उतरवून घेतली की सॉफ्टवेअरच गुदमरायचं. किल्लेदारांनी त्या आठवड्यात दाढी केली नाही. आताचा नवा सर्व्हर आधी ईमेलवर दुवा पाठवून खात्री करतो. खात्री होईपर्यंत किल्ली देतो, पण बिननावाची, आणि जीएनयूपीजी बिननावाची किल्ली घेत नाही. माझी किल्ली त्यांना मिळेना म्हणून तीन दिवस त्यांनी सर्व्हर, राउटर आणि मला दोष दिला. दुवा माझ्या स्पॅममध्ये पडला होता, म्हणजे त्यातला एक दोष रास्त होता.

एवढं सगळं होऊन ते मला लिहितात काय? टँकर कधी येणार ते. त्यांच्या पद्धतीत मजकूर कुलूपबंद होतो, विषयाची ओळ उघडीच राहते. "विषय: उद्या टँकर नाही." मी बादल्या भरून ठेवतो. आतला मजकूर आजवर उघडलेला नाही.

तर वाचकहो, कधी त्यांना पत्र लिहावंसं वाटलं, तर जुन्या सर्व्हरांवर त्यांच्या नावाच्या चार किल्ल्या सापडतील. रद्द करण्याचा दाखला आधीच काढून ठेवावा लागतो. पहिल्या तिघींचा काढायचा राहिला आणि परवलीचे शब्द विसरले. त्या तीन कृपया वापरू नका. त्या किल्ल्यांनी लावलेलं कुलूप कुणालाच उघडत नाही, किल्लेदारांनाही नाही. चौथी वापरा, किंवा सरळ घरी या. किल्ली बुटात आहे.