स्पीकरवाले आप्पा

आप्पांचा फोन वाजला की आमच्या बिल्डिंगच्या चारही मजल्यांना कळतं. उचलला की काय बोलणं झालं तेही कळतं. कारण आप्पा फोन कानाला लावतच नाहीत. तळहातावर भाकरी धरावी तसा तो तोंडासमोर आडवा धरतात, स्पीकर चालू, आणि पहिला प्रश्न ठरलेला : "आयकू येस का?" समोरचा हो म्हणाला तरी तो आणखी दोनदा होतो.

आता आवाजाचं म्हणाल, तर त्यात त्यांचा फारसा दोष नाही. अमळनेरकडचं गाव सोडून आलेला हा माणूस तीस वर्षं सुरतेतल्या उधन्याच्या लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, राबला. शंभर लूम धडधडत असताना शेजारच्या कारागिराला 'धागा तुटला' एवढं सांगायचं, तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. लूम सुटले, पट्टी तीच राहिली.

स्पीकरचं मूळ त्याहून जुनं आहे. त्या काळी गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. इकडे आप्पा पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रांगेत. तिकडे पोरगं आईला बोलवायला पळालेलं. आई बोलायला लागली की दुकानातले दहा जण ऐकत, आणि मध्येच सल्लाही देत. त्यामुळे फोन ही आप्पांच्या मते ओट्यावर बसून करायची गोष्ट. कोपऱ्यात जाऊन कुजबुजतो तो एक तर प्रेमात किंवा कर्जात.

पुढे मोबाइल आला, पण सुरत-भुसावळ गाडी नवापूरला टेकली की आप्पा तो बंद करत. स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात, आणि पुढे रोमिंग! आता ते प्रश्नच मिटले, मग आप्पांना धरवतंय कुठलं? श्रावणात कानबाई बसली की गावाकडच्या सगळ्यांना व्हिडिओवर दर्शन घडवतात. बहुतेकांना पंख्याचंच घडतं.

हल्ली ते एका खात्यात हिशेब बघतात. खात्याचा ग्रुप आहे, त्यावर ताके आणि बीम यांचीच चर्चा अपेक्षित. आप्पा पहाटे पाचला तिथे गुलाब टाकतात. 2018 साली व्हॉट्सअॅपने एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला होता. आप्पांनी पाच-पाचच्या पाळ्या लावल्या. एकदा 'शेठनी चहामधली साखर कमी करी टाकी' हा बायकोसाठीचा व्हॉइस मेसेज ग्रुपवर गेला. पुसता येतो हे पोरांनी सांगितलं, तर म्हणाले, "पुसू काबरं? खोटं शे का?" दुसऱ्या दिवशी चहा गोड आला, म्हणून आता कुणाचीही तक्रार असली की ती आप्पांच्या फोनमधूनच जाते.

एका बेसण्यात, म्हणजे शोकसभेत, मात्र मी त्यांच्यावर खरंच चिडलो. सगळे मान खाली घालून बसलेले आणि यांच्या खिशात लग्नातलं अहिराणी गाणं ढोलताशासकट सुरू. खिसा सापडेना. शेवटी बाहेर जाऊन, भिंतीपलीकडून, फोन करणाऱ्याला त्यांनी मयताची पूर्ण हकीकत सांगितली. आत बसलेल्यांपैकी निम्म्यांना मृत्यूचं कारण तेव्हा कळलं.

मागच्या महिन्यात हप्त्याच्या कटकटीवरून मला बँकेतून फोन आला. मी गॅलरीच्या कोपऱ्यात, हात तोंडावर धरून बोललो. खाली आप्पा उभे होते.

"हाळू काबरं बोली ऱ्हायना? घरमा कोणी आजारी शे का?"

मी घाईत मान हलवली. कशी हलवली ते मला आठवत नाही. संध्याकाळपर्यंत पहिल्या मजल्यावरून पेज आली, समोरून दोन नारळपाणी, आणि आप्पांच्या घरून वहिनींनी कळण्याची भाकरी व मिरचीचा ठेचा पाठवला. पेजेबरोबर ठेचा कुठल्या आजारात चालतो, देव जाणे.

रात्री आप्पा स्वतः आले, फोन तळहातावर आडवा. पलीकडे गावाकडचं कुणीतरी म्हातारं माणूस होतं. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

"आयकू येस का? आते कसं शे, भाऊ?"

"बरं शे, बाबा," मी म्हणालो.

"जरा मोठ्यानी सांगा," आप्पा म्हणाले, "तिकडे आठ जण बठेल शेतस."