उपवासाला चालणारं फूल

१८९५ साली कॅन्सस राज्याच्या विधिमंडळाने सूर्यफुलाला उपद्रवी तण ठरवलं. बोलावलं नसताना शेतात उगवतं, रस्त्याच्या कडेने पसरतं आणि माणसापेक्षा उंच होतं, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे आठच वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याच विधिमंडळाने त्याला राज्यफूल केलं. मधल्या काळात फूल काही सुधारलं नव्हतं. झालं एवढंच, की जॉर्ज मोरहाउस नावाचे सिनेटर कोलोरॅडोत एका मेळाव्याला गेले, तिथे कॅन्ससची मंडळी सूर्यफूल लावून मिरवताना त्यांना दिसली, आणि त्यांनी घरी येऊन विधेयक मांडलं. गावच्या गोष्टीचं प्रेम परगावी उफाळून येतं, हे अमेरिकेतल्या मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. पुण्यात असताना गणपतीतल्या गर्दीला कंटाळून महाबळेश्वर गाठणारे लोक इथे कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्क शहरात कमरेला ढोल बांधून उभे असतात.

सूर्यफूल मूळचं इथलंच. मिसूरी नदीकाठच्या हिदात्सा या मूलनिवासी लोकांची शेती बफेलो बर्ड वुमन या बाईंनी सांगितली आणि ती १९१७ साली पुस्तकरूपाने छापली गेली. त्यात त्या म्हणतात, वसंतात सगळ्यात आधी पेरायचं ते सूर्यफूल. बिया भाजून, कुटून त्यांचे गोळे वळायचे आणि लढाईला जाणाऱ्याने ते शिदोरीला न्यायचे. म्हणजे लाडूच.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हे बी युरोपात नेलं. तिथे ते बराच काळ बागेत नुसतं शोभेला होतं. त्याचं नशीब उघडलं रशियात, आणि तेही, असं सांगतात, उपवासामुळे. ईस्टरपूर्वीच्या उपवासात चर्चला बरेच स्निग्ध पदार्थ चालत नसत. पण हे तेल इतकं नवं होतं की बंदीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. एखादी गोष्ट उपवासाला चालते म्हटल्यावर तिचं पुढे काय होतं, ते साबुदाण्याकडे पाहावं. तोही दक्षिण अमेरिकेतल्या कंदाचाच, पण आपली एकादशी त्याच्यावाचून सुटत नाही. रशियनांनी सूर्यफुलाची शेतंच्या शेतं पेरली, आणि १८८०च्या दशकात अमेरिकन बियाणेवाले आपल्याच मातीतलं हे फूल ‘मॅमथ रशियन’ म्हणून विकू लागले. परदेशी राहून आलेल्याचा भाव वाढतो, तो असा. आपल्याकडेही तेलाचं पीक म्हणून सूर्यफूल १९६९मध्ये आलं ते सुधारित रशियन वाणांच्या रूपानेच.

लॉरेन्स गावाजवळ ग्रिंटर यांचं सूर्यफुलांचं शेत आहे. ऑगस्टअखेरीस ते फुललं की पाहायला माणसं लोटतात. आम्ही गेलो तेव्हा लातूरहून आलेले सासरेबुवा बरोबर होते. आजूबाजूला कुणी कुत्र्याचे, कुणी बाळाचे, आमच्यातल्या दोघी पैठणी नेसून स्वतःचे फोटो काढत होत्या. सासरेबुवांनी एक फूल उलटं करून पाहिलं, बी दाबून पाहिलं आणि विचारलं, “एकरी उतारा किती?” मग म्हणाले, “देवाला वाहायला मोठं, वेणीत माळायची सोय नाही. पण तेल देतं, म्हणून माफ.” इतक्या वर्षांत सूर्यफुलाचं याहून नेमकं मूल्यमापन मी ऐकलेलं नाही.

ते सूर्याबरोबर मान फिरवतं, हे खरं, पण तरुणपणीच. दिवसा देठाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, रात्री पश्चिमेकडची, आणि डोकं त्याप्रमाणे वळतं. फूल पूर्ण उमललं की ही धावपळ थांबते आणि ते कायमचं पूर्वेकडे तोंड करून बसतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की पूर्वाभिमुख फूल सकाळी लवकर तापतं आणि उबेमुळे त्याच्याकडे मधमाश्या जास्त येतात. कोवळ्या उन्हात ओट्यावर बसलेल्या आजोबांकडे गावातल्या सगळ्या बातम्या आधी येतात, त्यात हेच शास्त्र असावं.

मागच्या उन्हाळ्यात मी घरापुढे चार झाडं लावली. आठ फूट झाली. वसाहतीच्या समितीचं पत्र आलं: उंची नियमात बसत नाही. १८९५ अजून पुरतं संपलेलं नाही तर! राज्याच्या झेंड्यावरही सूर्यफूल आहे, असं मी उत्तरात नम्रपणे कळवलं. त्यावर पुढच्या वर्षी मागच्या अंगणात लावा, असा तोडगा निघाला.

तुम्ही लावणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. फूल सुकून मान टाकतं तेव्हा ते कुरूप दिसतं, पण लगेच उपटू नका. पिवळे गोल्डफिंच पक्षी त्याच काळात बियांसाठी येतात आणि उलटे लटकून खातात. आणि बी आपल्यालाही हवं असेल, तर फुलाला जाळीची पिशवी वेळेत बांधा. खारी समितीपेक्षा फार लवकर निर्णय घेतात.